जळगाव लावून द्या

3 ऑक्टोबर 2025, शुक्रवार

खंडेनवमीचा आणि कालच्या दसऱ्याचा झेंडू अजून मल्टिमीटरवर तसाच आहे. सकाळी शटर वर केलं तर पायरीवर नगरदेवळ्याचे एक काका बसलेले. हातात नवा कोरा मोबाईल. मुलाने दसऱ्याला घेऊन दिलेला. म्हणाले, "जळगाव लावून द्या."

हे वाक्य मी शाळेत असल्यापासून ऐकतोय. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आणीबाणीच्या वर्षी पाचोऱ्यात स्टेशन रोडला हे रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि पुढच्याच वर्षी, 1976 साली, जळगावला आकाशवाणीचं केंद्र सुरू झालं. मीडियम वेव्हवर 963 किलोहर्ट्झ. तेव्हापासून आमच्या टेबलावर दुरुस्त झालेल्या प्रत्येक सेटची परीक्षा याच जागेवर व्हायची. मुंबई-पुणे लागलं तर चांगलंच, पण 963 वर आवाज खणखणीत आला नाही तर नाना सेट गिऱ्हाईकाच्या हातात देत नसत. शेंदुर्णी-पहूरची माणसं सकाळच्या पीजेने, म्हणजे पाचोरा-जामनेरच्या छोट्या गाडीने, रेडिओ धोतराच्या फडक्यात बांधून आणायची आणि संध्याकाळच्या गाडीने परत न्यायची. ती गाडी 2020 पासून बंद आहे, रुळांचं रुंदीकरण व्हायचंय. गिऱ्हाईक मात्र येतं. पूर्वी फडक्यात सेट असायचा, आता खिशात मोबाईल असतो.

काकांच्या फोनवर प्रसार भारतीचं 'न्यूज ऑन एअर' टाकलं. त्यात देशभरातल्या दोनशेहून जास्त वाहिन्या आहेत. यादीत महाराष्ट्र शोधला, महाराष्ट्रात जळगाव शोधलं. काका इंग्रजी वाचत नाहीत, म्हणून ॲपचं चिन्ह पहिल्याच पानावर खाली उजव्या कोपऱ्यात, अंगठा पडतो तिथे आणून ठेवलं. आजूबाजूचं सगळं हलवलं. आवाज लागला तसे ते फोन उलटासुलटा करून पाहू लागले. "याचा कान कुठंय पिळायचा?" बाजूची बटणं दाखवली. चार वेळा आवाज लहान-मोठा करून पाहिला, मग समाधानाने चहा घेतला.

आज विविध भारतीचा वाढदिवस. 3 ऑक्टोबर 1957. तिच्या जन्माची गोष्ट नाना नेहमी सांगतात, कारण त्यात एक मराठी माणूस आहे. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व प्रसारण मंत्री असताना, 1952 नंतर, आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. शास्त्रीय संगीत लोकांच्या कानी पडावं हा त्यांचा हेतू खरा होता आणि त्या काळात अनेक थोर गायक-वादकांना रेडिओमुळे आधार मिळाला, हेही खरं. पण गाणी ऐकणारा घरी बसला नाही. त्याने सुई फिरवली आणि रेडिओ सिलोन लावलं. तिथे अमीन सायानींची बिनाका गीतमाला होती. शेवटी श्रोत्यांना परत आणायला आकाशवाणीला विविध भारती काढावी लागली. श्रोत्याला हवं ते जवळ मिळालं नाही तर तो समुद्रापलीकडून आणतो. आज तर सुईही फिरवावी लागत नाही, बोट लावलं की जग लागतं. अशा दिवसांत नगरदेवळ्याचा माणूस दोनशे वाहिन्या सोडून जळगावच का मागतो, हे जळगावने आणि दिल्लीने मनावर घ्यायला हवं.

6 ऑक्टोबर, सोमवार. कोजागरी

गच्चीवर दूध आटवलं. नानांनी त्यांचा दोन बँडचा सेट वर आणला, मी मोबाईल. दोन्हींवर जळगाव लावलं आणि शेजारी शेजारी ठेवलं.

एकच कार्यक्रम, एकच निवेदिका, पण ट्रान्झिस्टरमधली पुढे निघून गेलेली आणि मोबाईलमधली मागून तेच बोलत येणारी. अंतर अर्ध्या मिनिटाच्या आसपास. पोरांना गंमत वाटली. एक वाक्य इथे ऐकायचं आणि तेच तिथे येईपर्यंत थांबायचं. नानांना ते आवडलं नाही. "वेळ कोणाची खरी?" असं त्यांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. मनोऱ्यावरून निघालेली लहर सेकंदाच्या अगदी बारीक अंशात पाचोऱ्याला पोचते. मोबाईलवर तसं होत नाही. आवाजाचे आधी आकडे होतात, आकड्यांचे तुकडे पडतात, ते तुकडे दूरच्या सर्व्हरवर जातात, तिथून मागणी येईल तसे फोनमध्ये उतरतात. मध्येच रेंज गेली तर आवाज तुटू नये म्हणून फोन काही तुकडे आधीच साठवून ठेवतो आणि मगच वाजवायला घेतो. अर्धं मिनिट जातं ते तिथे.

नाना दुकानातलं घड्याळ बातम्यांआधीच्या टोल्यांवर लावत. पाच-सहा बारीक टोले आणि शेवटचा जरा लांब. ते टोले मोबाईलवर ऐकून कोणी घड्याळ लावलं तर ते मागेच राहणार. दुकानात फोन घेऊन येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना मी हे मुद्दाम सांगतो, कारण त्यातल्या कितीतरी जणांची सकाळची गोळी आजही रेडिओवरच्या वेळेला घेतली जाते.

रात्र वाढली तशी नानांनी सुई हळूहळू सरकवायला सुरुवात केली. मीडियम वेव्हचं रात्रीचं रूप वेगळं. दिवसा वातावरणाचा एक खालचा विद्युतभारित थर या लहरी गिळून टाकतो. सूर्य मावळला की तो थर विरतो, मग लहरी वरच्या थरावर आपटून शेकडो मैलांवर खाली उतरतात. म्हणून पूर्वी रात्री दहानंतर कुठली कुठली स्टेशनं एकमेकांवर चढून यायची. उर्दू, गुजराती, तेलुगू, मध्येच शिट्टी, मध्येच खरखर. 1988 साली नागपूरहून रात्रभराची राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली. हंगामात इथल्या जिनिंगमध्ये रात्रपाळी असायची, तिथे कामगार ती पहाटेपर्यंत लावून ठेवत. 2019 च्या सुरुवातीला ती बंद झाली. त्या कामगारांचे रेडिओ दुरुस्तीला यायचे तेव्हा मागचं झाकण उघडलं की आत रुईचा थर. ब्रशने झाडून काढावा लागे. गँग कंडेन्सरच्या पातळ पाळ्यांमध्येसुद्धा कापूस शिरलेला असायचा आणि त्यामुळे स्टेशन सरकायचं.

मोबाईलला दिवस-रात्र सारखीच. सांगली, रत्नागिरी, परभणी, पणजी, जे लावाल ते दुपारी बारालाही तितकंच स्वच्छ. आज मी रत्नागिरी लावून दाखवलं. समुद्राच्या हवामानाचं काहीतरी चाललं होतं. नानांनी ते शांतपणे पूर्ण ऐकलं. पन्नास वर्षं रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा रत्नागिरी केंद्र बिनखरखरीचं ऐकलं.

9 ऑक्टोबर, गुरुवार

दिवसातून दोनतीन जण तरी विचारतात, रेडिओने नेट संपेल का? आज कागदावर हिशेब करून दुकानाच्या काचेला चिकटवला. 64 केबीपीएसचा प्रवाह धरला तर तासाला 29 एमबीच्या आसपास. सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास ऐकला तर सव्वाशे एमबीही होत नाहीत. अखंड चोवीस तास चालला तरी 700 एमबीच्या आत. ज्याच्याकडे रोजचा दीड जीबीचा पॅक आहे त्याला काळजीचं कारण नाही. व्हिडिओच्या तुलनेत रेडिओ म्हणजे मोबाईलमधली फारच काटकसरीची वस्तू. आपल्याकडे 2016 च्या शेवटी डेटा स्वस्त झाला आणि तेव्हाच हा हिशेब बदलला. त्याआधी एक जीबी महिनाभर पुरवून वापरायचे ते दिवस होते, तेव्हा कोणी चार तास रेडिओ लावला असता तर घरात भांडण झालं असतं.

ज्यांच्याकडे पॅकही नाही त्यांच्यासाठी फोनमधला एफएम. कितीतरी फोनच्या चिपमध्ये एफएमचा रिसीव्हर असतो, फक्त त्याला एरियल लागतं आणि ते काम इअरफोनची वायर करते. वायर खोचल्याशिवाय एफएम का लागत नाही, याचं उत्तर हेच. कानाला लावा किंवा नका लावू, वायर मात्र हवी. बऱ्याच नव्या फोनना इअरफोनचं भोकच नसतं, काहींत चिप असूनही सोय बंद करून ठेवलेली असते. 2023 साली केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने फोन बनवणाऱ्यांना सांगितलं की एफएम सुरू ठेवा, आपत्तीच्या वेळी लागतं. हे आणखी कडक व्हायला हवं होतं. एफएमला नेट लागत नाही, मोबाईलचा टॉवर लागत नाही, सिमकार्डही लागत नाही. गरिबाच्या फोनमधून ही सोय जाणं मला फार लागतं.

कॉलेजची मुलं म्हणतात, गाण्यांची ॲपं असताना रेडिओ कशाला? त्यांचं बरोबर आहे, हवं ते गाणं हवं तेव्हा मिळतं. पण माझ्या टेबलावर दिवसभर रेडिओ चालू असतो आणि मला माहीत आहे की न मागितलेलं ऐकणं ही वेगळीच गोष्ट आहे. सोल्डर करता करता मी केळीवरच्या करप्याबद्दल ऐकलंय, नाट्यसंगीत ऐकलंय, मुक्ताईनगरच्या एका शाळेतल्या मुलांनी म्हटलेली कविता ऐकलीय. यातलं एकही मी शोधून लावलं नसतं.

14 ऑक्टोबर, मंगळवार

वरखेडीच्या पुढे एका शेतावर इन्व्हर्टर बसवायला गेलो होतो. वेचणी चालू. दसऱ्यानंतरचा पहिला वेचा, कापूस पांढराशुभ्र, पण अजून ओलसर. दहा-बारा बाया ओळीने. कमरेला कापडाची झोळी, डोक्याला रुमाल. मधल्या बाईने मोबाईल पिशवीत घालून गळ्यात टांगलेला, त्यावर जळगाव. पुढच्या-मागच्या सगळ्यांना ऐकू जावं म्हणून ती बरोबर मधल्या सरीत. त्यांनी तसं ठरवूनच घेतलेलं. तिची सरी पुढे गेली की बाकीच्या हात चालवत तिला गाठतात. मालक म्हणाला, रेडिओ चालू असला की वेचणी उरकते.

शेताच्या वरच्या टोकाला, टेकडीकडे, रेंज जाते. तिथे गेल्यावर आवाज तुटला. गोल चक्र फिरत राहिलं. बाया दोन मिनिटं गप्प वेचत होत्या, मग एकीने जात्यावरची ओवी धरली. बाकीच्यांनी उचलली. परतीच्या सरीत रेंज आली तसा रेडिओ परत बोलू लागला, पण ओवी पुरी झाल्यावरच त्यांनी गाणं थांबवलं.

मालकाशी बांधावर बोलत बसलो. यंदा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 8,110 रुपये क्विंटल, मध्यम धाग्याचा 7,710. पण सीसीआयला, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाला, कापूस घालायचा तर 'कपास किसान' ॲपवर आधी नोंदणी पाहिजे. सात-बारा, आधार, पेरा सगळं त्यात. "हे सगळं मला कळलं रेडिओवर," तो म्हणाला, "आणि भरून दिलं पोराने मोबाईलवर." व्हॉट्सॲपवरही ही माहिती आली होती, पण तीन वेगवेगळ्या तारखांसह. कुठली खरी ते कळेना, म्हणून तो रेडिओवर सांगेपर्यंत थांबला.

शेतीची माहिती रेडिओवरून देण्याचं काम आपल्याकडे जुनं आहे आणि त्याचा एक मोठा प्रयोग महाराष्ट्रातच झाला. 1956 साली युनेस्कोच्या मदतीने पुणे केंद्राने आसपासच्या जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत श्रोता मंडळं काढली. आठवड्यातून दोनदा गावातली वीसेक माणसं एकत्र बसून अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकत, लगेच त्यावर चर्चा करत आणि आपले प्रश्न केंद्राला लिहून पाठवत. पुढच्या कार्यक्रमात उत्तरं येत. त्याच पुणे केंद्रावर त्याच सुमारास गीतरामायण चालू होतं, 1 एप्रिल 1955 ते 19 एप्रिल 1956, गदिमांची आणि बाबूजींची छप्पन गाणी. म्हणजे एकाच वर्षी एकाच केंद्राने लोकांना रामकथाही दिली आणि खताचा हिशेबही. पुढे तमिळनाडूत तंजावूरच्या शेतकऱ्यांनी तर भाताच्या एका नव्या वाणाला 'रेडिओ भात' असंच नाव पाडलं, कारण त्या वाणाची माहिती त्यांना रेडिओवर मिळाली होती.

आज वरखेडीच्या सरीत मी पाहिलं ते श्रोता मंडळच होतं. एका फोनवर बारा जणी. फक्त त्यांचा प्रश्न केंद्राकडे जायची वाट आता कोणी काढून दिलेली नाही.

20 ऑक्टोबर, सोमवार. नरकचतुर्दशी

पहाटे चारला उठलो. आमच्या लहानपणी अभ्यंगस्नान म्हणजे उटणं, तेल, मोती साबण आणि रेडिओवरचं नरकासुर वधाचं कीर्तन. मुंबई-पुण्याची केंद्रं पहाटे ते लावायची. इथे पाचोऱ्यात ते कधी नीट लागायचं, कधी खरखरीत बुडायचं. नाना एरियलची तार हातात धरून अंगणात उभे राहत, माय आम्हाला न्हाऊ घाली आणि बुवा नेमके श्रीकृष्ण-सत्यभामा रणात उतरले की आवाज जायचा. कित्येक वर्षं नरकासुर मेल्याचं आम्ही नानांच्या तोंडूनच ऐकलं.

आज मोबाईलवर पुणे लावलं. टाळ, चिपळ्या, बुवांचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. कारीट फोडलं. माय चौरंगापाशी बसून अखेरपर्यंत ऐकत होती. पुण्यात पिंपळे सौदागरला धाकटा भाऊ राहतो, त्यानेही तेच लावलं होतं. त्याचा पाच वाजता फोन आला, "कितव्या आख्यानापाशी आहात?"

23 ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज

सुरतहून ताई आली. लिंबायतला राहते ती, लग्नाला पंचवीस वर्षं झाली. लिंबायत, उधना, डिंडोली हा सगळा भाग खान्देशातल्या माणसांनी भरलेला. लूमवर, साड्यांच्या कामावर, हिऱ्याच्या कारखान्यांत धुळे, नंदुरबार, जळगावची किती कुटुंबं गेली असतील. कापसाला भाव नाही मिळाला, विहीर आटली की भुसावळ-सुरत पॅसेंजर हीच वाट होती.

ताईने ओवाळलं आणि ओवाळता ओवाळता मला जे सांगितलं ते इथे नीट लिहून ठेवतो.

ती सकाळी सहाला फोनवर जळगाव लावते. तिची सासूही ऐकते, शेजारची धरणगावची बाईही ऐकायला येते. सुरतेत मराठी माणूस लाखांनी असला तरी रेडिओवर आपली बोली कानावर पडत नाही. मुलं शाळेत गुजराती-हिंदी बोलतात. ताई म्हणाली, "भाऊ, मला बातम्यांचं एवढं नाही. पण तिथं कोणी जामनेरची बाई बोलते, कोणी चोपड्याचा शेतकरी बोलतो ना, मग पोरं विचारतात, मम्मी, हे कुठं आहे? मग मी सांगते."

माय तिच्या शेजारी बसली होती. तिने अहिराणीत भर घातली, "घरनाच मानूस बोली ऱ्हायना असं वाटस."

जुन्या काळी केंद्राची मर्यादा मनोऱ्याच्या ताकदीवर ठरायची. नकाशावर एक गोल काढायचा, त्याच्या आतले ते श्रोते. गोलाबाहेर गेलेला माणूस केंद्राच्या हिशेबात नसे. आता जळगाव केंद्राचा श्रोता लिंबायतला आहे, पिंपळे सौदागरला आहे, दुबईला आहे. तो मुंबईची वाहिनी ऐकू शकतो, गाण्यांचं ॲप ऐकू शकतो, तरीही जळगाव लावतो, कारण चोपडा-जामनेरचा आवाज त्याला दुसरीकडे मिळत नाही. म्हणून 'सगळीकडून एकच कार्यक्रम दिला तरी चालेल, नाहीतरी सगळं मोबाईलवर मिळतं' असं जे कोणी म्हणत असतील त्यांनी उलटा विचार करून पाहावा. सगळं सगळीकडे मिळतंय म्हणूनच केंद्राने स्वतःच्या जिल्ह्याचं बोलायला हवं. मुंबईहून सहक्षेपित होणारा कार्यक्रम ऐकायला ताईला जळगावची गरज नाही, मुंबईच लावता येते. जळगावच्या यादीतली जागा जळगावच्या आवाजासाठी आहे.

ताईने एक मागणं सांगितलं. आखाजीची गाणी. अक्षय तृतीयेला माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर म्हणतात ती. गौराईची, कानबाईची. "मला निम्मी आठवतात, निम्मी नाही. पोरींना शिकवू काय?" वही गायन करणारे, डफावर रात्र जागवणारे जुने गडी हयात आहेत तोवर त्यांचं ध्वनिमुद्रण व्हायला हवं आणि जे झालेलं असेल ते मोबाईलवर कधीही ऐकता येईल असं ठेवायला हवं. थेट प्रसारणात एक अडचण अशी आहे की वेळ चुकली की गेलं. लूमवर बारा तासांची पाळी करणाऱ्या माणसाची वेळ नेहमी चुकते.

28 ऑक्टोबर, मंगळवार

अवकाळी. वेचायला आलेला कापूस झाडावर भिजतोय, मका खळ्यात भिजतोय. काल संध्याकाळपासून वीज नाही. रात्री आठपर्यंत मोबाईल चालले, मग टॉवरच्या बॅटऱ्या संपल्या असाव्यात, रेंजच्या दांड्या एकेक करून गेल्या. नऊला सगळ्या गल्लीचे फोन मुके. कोणाला कोणाचा ठावठिकाणा लागेना. गिरणेला पाणी किती, हिवरा नदीच्या काठच्या वस्तीत काय परिस्थिती, सगळ्या ऐकीव गोष्टी.

नानांनी सेटला दोन पेन्सिल सेल घातले आणि ओट्यावर ठेवला. जळगाव लागलं. शेजारचे सात-आठ जण छत्र्या घेऊन आले. हवामानाचा इशारा ऐकला, बातम्या ऐकल्या. सेलच्या एका जोडीवर असा सेट कितीतरी दिवस चालतो. तो ऐकण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही, किती जण ऐकतात त्याचा भारही पडत नाही. मोबाईलवरच्या रेडिओला प्रत्येक श्रोत्यामागे वेगळा प्रवाह द्यावा लागतो, मनोऱ्याला एक श्रोता काय, दहा लाख काय, वीज तेवढीच लागते.

मी दुकानात दिवसभर लोकांना मोबाईलवर रेडिओ टाकून देतो, त्याचं मला मनापासून कौतुक आहे. पण देशभर मीडियम वेव्हचे जुने प्रक्षेपक एकामागून एक बंद होत आहेत. वीजबिल मोठं, सुटे भाग मिळत नाहीत, ही कारणं मी दुरुस्तीवाला म्हणून समजू शकतो. तरी एवढं मागतो की मनोरा उतरवण्याआधी, मोबाईलचा टॉवर पडला तर त्या तालुक्याला कोण सांगणार, याचं उत्तर लेखी असावं.

2 नोव्हेंबर, रविवार. कार्तिकी एकादशी

दुकान बंद. वीज परवाच आली. सकाळी अभंग, सोलापूर केंद्र लावून. माय म्हणे पंढरपूर त्यांच्या जवळ, त्यांचंच लाव. नगरदेवळ्याचे काका भेटले बाजारात. फोन नीट चालू आहे. आता नातवाकडून त्यांनी धुळेही शिकून घेतलंय, कारण लेक शिरपूरला दिलेली.

12 नोव्हेंबर, बुधवार

लोकसेवा प्रसारण दिन. 12 नोव्हेंबर 1947 ला, दिवाळीच्या दिवशी, गांधीजी दिल्लीच्या आकाशवाणीच्या इमारतीत गेले होते. कुरुक्षेत्राच्या छावणीत फाळणीचे लाखो निर्वासित होते, त्यांच्यापर्यंत जाणं जमलं नाही म्हणून ते स्टुडिओतून त्यांच्याशी बोलले. आकाशवाणीच्या स्टुडिओत गांधीजी गेले ते त्या एकदाच. घरदार मागे टाकून आलेल्या माणसांशी बोलण्यासाठी.

दुपारी दोन वर्षांपूर्वीची गोष्ट निघाली. 2023 च्या जूनमध्ये पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्त विभाग बंद करून काम छत्रपती संभाजीनगरला न्यायचं ठरलं होतं. सकाळी सात वाजून दहा मिनिटांच्या बातम्या म्हणजे महाराष्ट्राच्या कित्येक घरांचं घड्याळ. निवेदिका सुधा नरवणे यांचा आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना वेगळं सांगायला नको. लोक बोलले, पत्रं गेली, वर्तमानपत्रांनी लिहिलं, पुढाऱ्यांनी मागणी केली आणि त्या वेळचे मंत्री अनुराग ठाकूर यांनी निर्णयाला स्थगिती दिली. श्रोते बोलले म्हणून झालं ते. नाहीतर कागदावर विभाग जातो आणि ऐकणाऱ्याला एक दिवस सकाळी कळतं.

म्हणून आम्हीही लिहायचं ठरवलं. नाना सांगत गेले, मी लिहीत गेलो, जळगाव केंद्राला पत्र. पूर्वी फर्माईशीची पत्रं नाना पंधरा पैशांच्या पोस्टकार्डावर लिहीत, खाली सगळ्या घराची नावं. तसंच हे. मागण्या तीन: आखाजी, कानबाई आणि वही गायनाचं जे ध्वनिमुद्रण असेल ते मोबाईलवर कधीही ऐकता येईल असं ठेवा, नसेल तर आता करा, आठवड्यात निदान एक दिवस अहिराणी आणि लेवा बोलीत कार्यक्रम असू द्या, त्यात सुरत-पुण्याकडच्या खान्देशी माणसांचे फोनही घ्या, वेचणी करणाऱ्या बायांचे प्रश्न घ्यायला एक व्हॉट्सॲप नंबर द्या, कारण त्या लिहू शकत नसल्या तरी बोलून पाठवू शकतात.

पत्र काउंटरवर ठेवलं. संध्याकाळपर्यंत मोबाईल दुरुस्तीला आलेल्या बहुतेकांनी सही केली. वरखेडीच्या त्या मालकाने सही केली आणि बारा बायांची नावं स्वतः लिहून घेतली, त्यांना विचारून. ताईने सुरतहून तिच्या गल्लीतली नावं व्हॉट्सॲपवर पाठवली आहेत, ती उद्या उतरवून घ्यायची. टपालाने एक प्रत, ईमेलने एक. ईमेल भाचा करेल.